बाळाच्या पायांवर जाळी

सी-३०४: कुणी जागं आहे का? बाळाला आत्ताच आंघोळ घातली तर मांड्यांवर, पोटऱ्यांवर जांभळट जाळी उठलीये. तळवे पण निळसर. अडीच महिन्यांचा आहे. फोटो टाकलाय.

ए-१०२ काकू: अगं बाई! आधी दृष्ट काढ.

ए-४०३ सिस्टर: दृष्ट नंतर. जीभ बघ त्याची. हिरड्या, ओठांची आतली बाजू. गुलाबी आहे ना?

सी-३०४: हो, गुलाबी आहे. दूध प्यायलाय, टकामका बघतोय.

ए-४०३ सिस्टर: मग घाबरू नकोस. कोरडा पूस, टोपी घाल आणि उघड्या अंगाने तुझ्या छातीशी घे, वरून गोधडी. गार लागलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. बाळांचं हे तंत्र अजून कच्चं. काही आक्रसतात, काही फुगलेल्याच राहतात, म्हणून जाळी दिसते. बाळंतिणींच्या वॉर्डात होते तेव्हा थंडीत रोज एक तरी आई धावत यायची.

ए-१०२ काकू: आम्ही तर खोलीत शेगडी ठेवायचो हो.

ए-४०३ सिस्टर: बंद खोलीत कोळसा नकोच काकू! कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

डी-१०१: आमची छकुली सावळी आहे. तिचं कसं कळणार?

ए-४०३ सिस्टर: म्हणूनच तर जीभ बघायची. जीभ निळी, श्वास भराभर, दूध ओढत नाही, मलूल पडलंय, तर ग्रुपवर फोटो टाकत बसू नका. १०८ लावा. आणि ऊब देऊनही जाळी जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

बी-२०१: माझ्या मुलीची, ९ वर्षांची आहे, स्कूलबसची वाट बघताना दोन बोटं पांढरीफटक पडतात. मग निळी, घरात आली की लाल आणि झिणझिण्या.

ए-४०३ सिस्टर: ते वेगळं. गारठ्याने बोटांच्या रक्तवाहिन्या एकदम आक्रसतात, त्याला रेनॉ म्हणतात. बोटं पांढरी असतानाच फोटो काढून ठेव, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं नॉर्मल दिसतं. हातमोजे घाल. कढत पाण्यात बुडवू नकोस, कोमट चालेल.

सी-३०४: गेली जाळी!! पंधरा मिनिटंही लागली नाहीत. झोपला माझ्या अंगावरच.

ए-४०३ सिस्टर: छान. पाणी गार होतं का गं?

सी-३०४: सोलरचं. अर्ध्यातच गार आलं.

सेक्रेटरी: सोलरचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ.

ए-१०२ काकू: मागच्या रविवारीही हेच म्हणाला होतात.