शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि रुग्णाचा समाज

प्रश्न (दादर):
गेल्या महिन्यात मुंबईतील एका रुग्णालयात आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. शेजारच्या खाटेवर डहाणूकडील एक वारली आजी होत्या. पदराचा बोळा तोंडात धरून त्या दोन रात्री भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. आईने बेल वाजवली की इंजेक्शन मिळे. आजींविषयी विचारले, तर ‘ही माणसे सोशिक असतात, त्यांना एवढे दुखत नाही’ असे ऐकावे लागले. समाज पाहून वेदनाशामक कमी दिले जाते, असा अभ्यास कुठे झाला आहे का?

उत्तर (निवृत्त भूलतज्ज्ञ, मुलुंड):
अमेरिकेत झाला आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने स्वतः बटण दाबून औषध घ्यायच्या पंपाविषयी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई रुग्णांना डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रांत लक्षणीय फरक होता. रुग्णांनी बटण दाबून प्रत्यक्ष घेतलेल्या औषधात मात्र तसा फरक आढळला नाही. म्हणजे तफावत दुखण्यात नव्हती, लिहिणाऱ्याच्या हातात होती. २०१६ साली व्हर्जिनियातील २२२ श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यांसारख्या खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी त्यांतील सुमारे निम्म्यांना खरी वाटत होती. अर्थात वय, मूत्रपिंडाचे कार्य, श्वसन यांमुळेही मात्रा कमी ठेवावी लागते. केसपेपर न पाहता आजींबाबत निवाडा करू नये.

उत्तर (परिचारिका, परळ):
डॉक्टरांचे म्हणणे मान्य आहे, पण केसपेपरवर बहुधा ‘एसओएस’ लिहिलेले असते, म्हणजे गरज पडल्यास द्यायचे, प्रत्यक्षात मागेल त्याला, आणि न मागणारा तिथेच मागे पडतो. ‘शून्य ते दहापैकी किती दुखते?’ हा प्रश्न अंकांत वेदना मोजण्याची सवय नसलेल्या बाईला काय कळणार? मी खोकायला आणि कूस बदलायला सांगते, आणि चेहरा पाहते. निश्चल पडलेला रुग्ण शांत आहे असे समजणे ही आमच्या वॉर्डांतली जुनी खोड आहे.

प्रश्नकर्ती:
केसपेपर मी पाहिला नाही, हे खरे. कूस बदलायला मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या रात्री आईने स्वतःचीच बेल आजींसाठी वाजवली आणि सिस्टर येईपर्यंत बोट उचलले नाही; इंजेक्शननंतर तासाभराने आजी पहिल्यांदाच आमच्याकडे कूस करून झोपल्या.