मदत हवी आहे: घारापुरीवर रात्रीच्या होडीसाठी ग्रामसभेत विषय कसा मांडायचा?

नमस्कार. माझं माहेर घारापुरी, मोराबंदर. (उरणचं मोरा नव्हे. फोनवर मोराबंदर म्हटलं की पलीकडच्याला उरणचा धक्काच आठवतो आणि समजावण्यात अर्धा मिनिट जातो.) लग्नानंतर मी उरणला असते. आई आणि भाऊ बेटावर.

बाहेरच्यांना घारापुरी म्हणजे लेणी, गेटवेची लाँच आणि माकडं. लेणी पुरातत्त्व खात्याकडे. आमची राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर ही तीन गावं मिळून एक ग्रामपंचायत, तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबई समोर दिसते, पण तालुक्याचं काम निघालं की उरणच गाठायचं.

गेल्या भाद्रपदात रात्री अकराच्या सुमाराला आईच्या छातीत कळ आली. पर्यटकांची शेवटची लाँच संध्याकाळीच निघून जाते. भावानं शेजारच्या काकांना उठवलं. ते आपली मासेमारीची होडी काढायला लगेच तयार झाले, पैशाचा विषयसुद्धा काढला नाही. पण ओहोटी लागलेली. होडी चिखलापलीकडे. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं आणि गुडघाभर चिखलातून चालत निघाले. मध्ये टेकवायला गेले तर खुर्चीचा मागचा पाय रुतून मोडला. आई म्हणते, छातीत दुखत होतं त्यापेक्षा तिथे जास्त घाबरले. होडी सुटेपर्यंत पाऊण तास गेला. अलीकडच्या किनाऱ्यावर 108 ची गाडी येऊन उभी होती.

आई आता ठणठणीत आहे. यात कुणाची चूक नव्हती, आणि खरं सांगू का, तेच जास्त छळतं. भांडायला कुणी नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून 7.5 किलोमीटर केबल टाकून गावात वीज आली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटर. वीज आल्यावर फ्रिज आले, पंखे आले. रात्रीची होडी मात्र अजून शेजारधर्मावर चालते.

माझ्या मनात आहे ते असं: ग्रामपंचायतीनं एखाद्या होडीवाल्याशी वर्षाचा करार करावा. रात्री फोन आला की एक तांडेल (होडी चालवणारा), एक खलाशी हजर. महिन्याला ठरलेली रक्कम, फेरी होवो न होवो. गावात येणाऱ्या पर्यटकांकडून ग्रामपंचायत छोटासा कर घेते. तो पैसा यासाठी वापरता येईल का? की वित्त आयोगाच्या निधीतून मागायचं? आणि विषय मांडायचा कसा? माझं नाव आता उरणच्या मतदार यादीत आहे. मी बोलू शकते का?

प्रतिसाद, एक निवृत्त ग्रामसेवक:

ताई, शेवटचं आधी सांगतो. ग्रामसभा म्हणजे त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं. तुम्ही बसून ऐकू शकाल, पण विषय आईनं किंवा भावानंच मांडायचा.

नेहमीच्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्याच्याही आधी सरपंचांच्या नावे साधा अर्ज द्या, दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. विषयपत्रिकेत तुमचा विषय वेगळा छापला गेला पाहिजे. "आयत्या वेळचे विषय" मध्ये गेला तर चहा येईपर्यंत चर्चा आणि मग घरी. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यातला कमी आकडा लागतो. माणसं कमी पडून सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून लोक निवांत राहतात. तुम्ही पहिल्याच सभेला माणसं जमवा.

आता पैसे. वित्त आयोगाच्या निधीतला बराच भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेला अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च चालत नाही. तांडेलाला महिन्याची रक्कम म्हटलं की लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची भीती. पर्यटकांच्या कराचा पैसा हा ग्रामपंचायतीचा स्वतःचा, ग्रामनिधीतला. माझ्या मते तिथूनच मागा. "आपत्कालीन रुग्ण वाहतूक सेवा, वार्षिक करार" अशी अंदाजपत्रकात वेगळी ओळ हवी. अंदाजपत्रक जानेवारीच्या सुरुवातीला पंचायत समितीकडे जातं, तेव्हा दिवाळीनंतर हालचाल केलीत तर उशीर झालाच म्हणून समजा.

प्रतिसाद, होडीवरचा माणूस:

ग्रामसेवक साहेबांनी कागद सांगितला, मी पाण्याचं सांगतो. मासेमारीच्या परवान्यावर भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. शेजारी म्हणून नेलं ते वेगळं, पण पंचायत पैसे देणार म्हटल्यावर विमा कुणाचा, हा पहिला प्रश्न येईल. प्रवासी परवाना असलेली छोटी होडी बघा आणि असे परवाने देणाऱ्या सागरी मंडळाकडे आधी विचारा. पंचायतीनं स्वतः होडी विकत घ्यावी असं कुणी सुचवेल, त्याच्या नादी लागू नका. दोन पावसाळ्यांत इंजिन गंजेल आणि होडी किनाऱ्यावर पडून राहील.

आणि होडी असूनही त्या रात्री काय झालं असतं? चिखल तिथेच होता. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, ओहोटीला पाणी फार लांब जातं. करारात लिहून घ्या की ओहोटी असली तर होडी खोल पाण्याच्या धक्क्याला लागेल, आणि मोराबंदरहून तिथवर माणसाला कसं न्यायचं तेही ठरवा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा एवढं अडत नाही.

धागालेखिका:

दोघांचेही आभार. होडीवाल्या दादा, चिखलाचं तुम्ही बोललात आणि मी गप्पच झाले. होडी होडी करत बसले होते, ती तर त्या रात्रीही होती.

रविवारी घरी जाऊन आईला सगळं वाचून दाखवलं. भाऊ म्हणाला, मी मांडतो. आई म्हणाली, नको, ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा असते, तिथे मीच बोलते, खुर्चीत मी होते. अर्ज तिच्या नावानं लिहिलाय. तीन मागण्या आहेत: वार्षिक करार, ओहोटीला कुठल्या धक्क्याला न्यायचं ते ठरवणं, आणि तिन्ही गावांत एकेक घडीचं स्ट्रेचर. तिसरी मागणी आईनं घालायला लावली.

एकच अडतंय. स्ट्रेचर ही वस्तू झाली, पगार नव्हे. मग तेवढ्यापुरता अबंधित निधी चालेल का? की एकाच अर्जात दोन ठिकाणचे पैसे मागितले तर दोन्ही लटकतील? ग्रामसेवक साहेब, एवढं सांगाल तर उद्या अर्ज देऊन पोच घेते.