शब्दचर्चा : कोवाल्स्की की कोवाल्स्का?

बोखुमकर :
आमच्या ऑफिसात दोन बायका आहेत. एकीच्या दारावरची पाटी कोवाल्स्का, दुसरीच्या दारावर कोवाल्स्की. पहिली पोलंडमधून आलेली. दुसरीचं घराणं पणजोबांपासून इथंच, जर्मनीतल्या रुरच्या कोळसापट्ट्यात, पोलिशचा गंध नाही. हे आडनाव एकच की दोन? अर्थ 'लोहार' असं ऐकून आहे. मग पोलंडमध्ये एवढे सगळे लोहार होते का?

अडगळीतला कोश :
आडनाव एकच. अर्थाचं मात्र अर्धंच खरं.

'कोवाल' म्हणजे लोहार, यात वाद नाही. 'कुच' म्हणजे लोखंड ठोकून घडवणं, 'कोवाद्वो' म्हणजे ऐरण, सगळा एकाच धातूचा परिवार. पण सरळ धंद्यावरून पडलेलं आडनाव नुसतं 'कोवाल'. लोहाराचा पोरगा किंवा त्याच्या हाताखालचा पोऱ्या तो 'कोवाल्चिक' किंवा 'कोवालिक'. 'कोवाल्स्की'त जो '-स्की' आहे तो विशेषण करणारा प्रत्यय आहे. व्याकरणाच्या अंगानं त्याला मराठीत अगदी जवळचं काही असेल तर ते '-चा'. कोवाल्स्की म्हणजे 'लोहाराचा', कोवाल्स्का म्हणजे 'लोहाराची', आणि अख्ख्या घराला बोलवायचं तर 'कोवाल्स्त्सी', 'लोहाराचे'. चा-ची-चे बदलतं तसंच हे बदलतं. तेव्हा तुमच्या दोन पाट्यांपैकी पोलिश व्याकरणाला धरून आहे ती पहिली.

आता खरी गंमत. हा '-स्की' सुरुवातीला धंद्याला लागतच नव्हता, गावाला लागायचा. तार्नोव गावचा जहागीरदार आधी 'यान झ तार्नोवा' (तार्नोवचा यान) असं लिहायचा, चौदाव्या-पंधराव्या शतकांत त्याचं 'तार्नोव्स्की' झालं. म्हणजे '-स्की' ही जमीनदारीची खूण होती. पुढे शहरातले कारागीर आणि त्यानंतर शेतकरीही तो लावू लागले, कारण तो कानाला भारदस्त वाटे. ज्याच्या नावावर गाव नव्हतं त्यानं तो बापाच्या धंद्याला जोडला, आणि लोहाराचा कोवाल्स्की झाला.

पण काही कोवाल्स्की खरोखरच गावावरून आलेले आहेत. पोलंडमध्ये कोवाल, कोवाले, कोवालेव, कोवालेवो अशी गावं ठिकठिकाणी सापडतात. कुयाव्ही प्रांतातलं कोवाल हे तर राजा काझीमिएझ (ज्याला पोलिश लोक 'महान' म्हणतात) याचं जन्मस्थान, साल १३१०. प्यास्त या पोलंडच्या पहिल्या राजघराण्याच्या सुरुवातीच्या काळात राजाच्या सेवेसाठी एकेका धंद्याची गावंच नेमलेली असायची. ढाली करणाऱ्यांचं श्चित्निकी, भाकऱ्या भाजणाऱ्यांचं पिएकारी, लोहारांचं कोवाले. अशा कोवाल्याहून आलेल्या माणसाला दुसऱ्या गावात लोक कोवाल्स्की म्हणणार, मग तो स्वतः मेंढरं का राखत असेना. त्यामुळे नुसत्या आडनावावरून खापरपणजोबांच्या हाती हातोडा देऊ नये.

मिरजेची माई :
म्हणजे आपल्या 'कर'सारखंच की. मिरजेहून पुण्यात गेलं की मिरजकर, मिरजेतच राहिलं तर कोण म्हणतंय मिरजकर!

अडगळीतला कोश :
माई, अर्थाच्या बाजूनं हो. फरक एवढाच की '-कर' कधी लोहाराला लागला नाही.

तर्कटराव :
कोवाल आणि आपला कव्वाल? उच्चार किती जवळचा बघा. दोघंही ठेका धरणारेच. संस्कृत 'कवल' पण आहे.

अडगळीतला कोश :
राव, कव्वाल अरबी 'कौल' म्हणजे 'वचन, बोलणं' यावरून. 'कवल' म्हणजे घास. ठेक्याची कल्पना मजेची आहे, पण या तिघांची गाठ फक्त तुमच्या प्रतिसादातच पडली.

तर्कटराव :
बरं. मग हंगेरीतले कोवाच? तेही लोहारच ना?

अडगळीतला कोश :
तेही लोहारच, आणि तिथे नातं खरं आहे, पण शब्दाचं. घराण्याचं नाही. दक्षिणेकडच्या स्लाव्ह भाषांत आणि स्लोवाकमध्ये लोहार म्हणजे 'कोवाच'. हंगेरियन ही स्लाव्ह भाषा नाही, तिनं तो शब्द उसना घेतला आणि मग त्याचं हंगेरियन आडनाव झालं. युक्रेनमध्ये कोवालेन्को, कोवाल्चुक. बेलारूसमध्ये कावालेन्का. प्रत्येक गावाला एक लोहार लागतोच, त्यामुळे हे आडनाव हजार ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. खुद्द पोलंडमधले कोवाल्स्कीसुद्धा एका मूळपुरुषाचे नाहीत. 'आमच्या कोवाल्स्की घराण्याचं मानचिन्ह' म्हणून छापील ढाल विकणारे असतात, त्यांच्या नादी लागू नये.

पोलंडमध्ये आज साधारण १ लाख ४० हजार लोकांचं हे आडनाव आहे. त्याच्या वर फक्त 'नोवाक' ('गावात नवा आलेला'), सुमारे २ लाख. तरीही आपण 'सोम्यागोम्या' म्हणतो तिथं पोलिश माणूस 'यान कोवाल्स्की' म्हणतो, नोवाक नाही. एक सावधगिरी मात्र हवी. पोलंडच्या सरकारी याद्या पुरुषांच्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या असतात, म्हणून एकाच यादीतला आकडा पाहिला तर तो जेमतेम निम्मा दिसतो. बाहेरच्या काही संकेतस्थळांवर तर कोवाल्स्की आणि कोवाल्स्का ही दोन निराळी आडनावं म्हणून मोजलेली आहेत.

बोखुमकर :
मग माझी दुसरी सहकारी स्त्री असून कोवाल्स्की कशी?

अडगळीतला कोश :
कारण तिचं आडनाव पोलिश व्याकरणातून बाहेर पडून जर्मन दप्तरात गेलं. रुरच्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे पोलिश भाषक आले ते बहुतेक पोझ्नान, पश्चिम प्रशिया, मझुरी या भागांतले, म्हणजे कागदोपत्री प्रशियाचीच प्रजा. तेव्हा पोलंड नावाचं राज्य नकाशावर नव्हतं, प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रियानं ते वाटून घेतलं होतं. जर्मन पद्धतीत आडनाव घराण्याचं असतं, बापाचं असेल तेच मुलीचं. तिथे '-स्का' एक-दोन पिढ्यांत गळून पडतं.

म्हणून परदेशात बाईच्या आडनावाचं शेवटचं अक्षर हे अर्थापेक्षा जास्त बोलतं. ब्रिटनमध्ये कोवाल्स्का भेटली तर बहुधा ती स्वतः किंवा तिची आई २००४ नंतर, पोलंड युरोपीय संघात आल्यावर, तिकडे गेलेली असणार. कोवाल्स्की नावाची बाई भेटली तर तिचा आजा महायुद्धानंतर तिथे राहिलेल्या सैनिकांपैकी असण्याचा संभव जास्त. पैज लावू नका, नवऱ्याचं आडनाव जसंच्या तसं घेणाऱ्याही असतात. पण अंदाज बहुतेकदा बरोबर येतो.

जर्मनीत १ मे २०२५ पासून नवा नामकायदा आलाय. स्त्री-पुरुषांनुसार आडनाव बदलण्याची परंपरा ज्या समाजांत आहे त्यांना आता तसं रूप घेता येतं. तुमच्या सहकारिणीला हवं तर ती कोवाल्स्का होऊ शकेल.

वसईवाली :
आमच्याकडे सिस्टर फाउस्टिनाची तसबीर घरोघर आहे, दिव्य दयेच्या भक्तीमुळे. त्यांचं आडनाव कोवाल्स्का असंच वाचलं होतं. आत्ता उलगडा झाला.

अडगळीतला कोश :
बरोबर, हेलेना कोवाल्स्का, जन्म १९०५, ग्वोगोविएत्स गावचा. २००० साली पोलिश पोप जॉन पॉल दुसरे यांनीच त्यांना संतपद दिलं. मादाम क्युरीही माहेरच्या स्क्वोदोव्स्का, त्यांचे वडील स्क्वोदोव्स्की.

आणि ज्या आडनावांना '-स्की' नाही त्यांची बायकी रूपं वेगळी. नोवाकची बायको 'नोवाकोवा', मुलगी 'नोवाकुव्ना'. आपल्या आज्या 'जोशीण', 'पाटलीण' म्हणायच्या त्यातलाच प्रकार. तो तिकडेही आता म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरलाय.

परदेशी पाहुणा :
शिकागोत राहतो. 'स्की'च्या स्पेलिंगात शेवटी 'आय' असेल तर पोलिश आणि 'वाय' असेल तर ज्यू, असं इथले लोक छातीठोक सांगतात. दुसरं, न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, उतरताना गोऱ्या कारकुनानं नावं वाट्टेल तशी लिहिली म्हणे.

अडगळीतला कोश :
दोन्ही अफवा दीर्घायुषी आहेत.

आधी 'वाय'चं. पोलिशमध्ये या ठिकाणी 'आय'च येतो. 'वाय' येतो तो दुसऱ्या लिपीतून किंवा दुसऱ्या भाषेतून. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये १८६८ पासून जन्ममृत्यूची दप्तरं रशियनमध्ये ठेवावी लागत. गावात कोवाल्स्की, दप्तरात सिरिलिक म्हणजे रशियन लिपी, आणि त्या कागदावरून पुन्हा रोमन करताना कधी 'आय' तर कधी 'वाय', कधी 'डब्ल्यू' तर कधी 'व्ही'. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गालिशियात लिपी रोमनच होती, तिथे हा फेरा चुकला. चेक माणूस तर मुळातच 'वाय' लिहितो. धर्माचा यात संबंध नाही. पोलंडच्या ज्यूंमध्ये 'आय'वाले कोवाल्स्कीही होते. शेवटचं अक्षर दप्तर सांगतं, देव सांगत नाही.

एलिस बेटाचं म्हणाल तर तिथले अधिकारी नावं लिहून घेत नव्हते, बोटीवरून आलेल्या यादीशी ताडून पाहत होते. ती यादी युरोपातल्या बंदरावर बोट कंपनीचे लोक तयार करत. नाव बदललं ते बहुतेकांनी नंतर, आपणहून. कारखान्याच्या मुकादमाला उच्चारता यावं म्हणून, पोराला शाळेत चिडवू नये म्हणून. 'झा ख्लेबेम', म्हणजे 'भाकरीच्या मागे', असं ज्या स्थलांतराला पोलिश लोक म्हणतात त्यात गेलेला माणूस आडनावातल्या अक्षरांसाठी भांडत बसत नाही. शिकागो, डेट्रॉइटला चिकटलेलं हॅमट्रॅमिक, बफेलो, मिलवॉकी, सगळीकडे हेच. काही कोवाल्स्कींनी सरळ 'स्मिथ' करून टाकलं, ते आता कुठल्याच यादीत सापडत नाहीत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले एडमंड मस्की यांचे वडील मार्चिशेव्स्की होते.

फ्रान्समध्येही तेच. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या करारानं पोलिश मजूर उत्तर फ्रान्सच्या कोळसा खाणींत गेले. काही पोलंडमधून, काही तुमच्या रुरमधूनच पुढे सरकलेले. १९३१ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे ५ लाख पोलिश होते. त्याच वर्षी तिथल्या खाणकामगाराच्या घरी जन्मलेला रेमाँ कोपाशेव्स्की पुढे 'कोपा' झाला आणि १९५८ मध्ये युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

उलट्या दिशेचं उदाहरण मला जास्त आवडतं. कॅनडातल्या विंडसरचा एक पोलिश वंशाचा पैलवान, मूळ आडनाव स्पुल्निक. आखाड्यात उतरताना त्यानं नाव घेतलं 'किलर कोवाल्स्की'. स्पुल्निक म्हटलं तर प्रेक्षकांना काही कळेना. कोवाल्स्की म्हटलं की धिप्पाड, राकट पोलिश गडी डोळ्यांसमोर उभा. पोलंडमधला सोम्यागोम्या समुद्र ओलांडल्यावर मल्ल झाला.

परदेशी पाहुणा :
पटलं. आमच्या गल्लीतल्या स्मिथकडे आता संशयानं बघणार.

मिरजेची माई :
आणि मराठीत लिहायचं कसं? कोवालस्की, कोवाल्स्की, कोव्हाल्स्की... पेपरात तिन्ही दिसतात.

अडगळीतला कोश :
पोलिश 'डब्ल्यू' म्हणजे आपला 'व'. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, 'को-वाल्-स्की'. म्हणून 'कोवाल्स्की' लिहावं. घोटाळा होतो तो पोटातून रेघ मारलेल्या 'एल'चा. त्याचा उच्चार 'ल' नाहीच, इंग्रजीतल्या ओठ गोल करून म्हटलेल्या 'व'सारखा. पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष लेख वालेसा यांचं नाव आपण वर्षानुवर्षं 'वालेसा' वाचलं, पोलिश माणूस त्यांना 'वावेंसा'च्या जवळपास म्हणतो. कोवाल्स्कीतला 'एल' साधा आहे, तिथे 'ल'च.

पंचगंगा :
उशिरा आलो, पण प्रश्न कामाचा आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीवर लिहितोय. १९४३ ते १९४८, सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. आई '-स्का', मुलगा '-स्की', आणि पुढे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेलेली मुलगी कागदावर कधी हे, कधी ते. शेवटच्या नामसूचीत कुठलं रूप द्यावं? सगळं '-स्की' करून टाकू का? एकसारखं दिसेल.

अडगळीतला कोश :
करू नका. ही माणसं सोव्हिएत हद्दीत हद्दपार झाली, इराणमार्गे इकडे आली, मग तिसऱ्याच देशात गेली. सिरिलिक, फारसी, इंग्रजी अशा लिप्यांतून त्यांची नावं फिरलीत. तुम्ही आणखी एक फेरफार करायचा म्हणजे पुढच्या शोधणाऱ्याची वाटच बुजवायची.

लिथुआनियाचं पाहा. त्यांच्या लिपीत 'डब्ल्यू' नाही, म्हणून विल्नियसच्या आसपासच्या पोलिश कोवाल्स्कींना पासपोर्टवर 'व्ही'च मिळायचा. त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि 'डब्ल्यू' चालू झाला. आणि तिथलं अस्सल लिथुआनियन वळण घेतलं तर बायको 'कोवाल्स्किएने', अविवाहित मुलगी 'कोवाल्स्काइते'. एका घरात तीन रूपं.

सूचीत प्रत्येकाचं नाव त्या काळच्या कागदावर जसं आहे तसं द्या. आई कोवाल्स्का तर कोवाल्स्का. घराणं एकत्र दिसावं म्हणून मुख्य नोंद '-स्की'खाली करा आणि '-स्का'समोर 'पाहा : कोवाल्स्की' एवढं लिहा. लग्नानंतरचं किंवा पुढच्या देशातलं रूप कंसात. आणि हो, देवनागरीबरोबर मूळ रोमन स्पेलिंग रेघा-टिंबांसकट छापा, छापखानेवाला कुरकुरला तरी.

पंचगंगा :
रेघा-टिंबांचा फाँट शोधतो. बाकी सूची तशीच लावतो.