‘मुसक्या आवळल्या’, ‘बेड्या ठोकल्या’: नेमका अर्थ काय?

गिरगावकर: ‘सोनसाखळी चोराच्या मुसक्या आवळल्या’ हे पेपरात रोज वाचतो. मुसक्या म्हणजे काय? बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं, त्याचंच अनेकवचन का?

शब्दवेडी: नाही, मुसकं वेगळं. मुसक्या म्हणजे दोन्ही हात पाठीमागे ओढून करकचून बांधणं. हिंदीत ‘मुश्कें कसना’ म्हणतात तेच. दोन्हीकडे बांधाबांध, म्हणून गल्लत होते.

किल्लाकोर्टकर: ताईंनी अर्थ अचूक सांगितला. पण हल्ली मुसक्या आवळतं कोण? ‘बेड्या ठोकल्या’चीही तीच गत. बेडी मुळात पायातली, हातात असते ती हातकडी. आणि हातकडीसुद्धा सरसकट घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. म्हणजे फसवणुकीतला माणूस हवालदाराबरोबर नुसता चालत कोर्टात येतो आणि मथळ्यात मात्र साखळदंडात असतो.

‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, एवढंच. त्याच्याभोवती मुसक्या, बेड्या, जेरबंद अशी आरास केली की वाचणाऱ्याच्या मनात खटला तिथेच निकाली निघतो. फोटो छापला तर आणखी घोळ. पोलीस आरोपीला बुरखा घालून आणतात ते ओळख परेडसाठी. साक्षीदाराने तोच चेहरा आधी टीव्हीवर पाहिला असेल, तर परेडला अर्थ उरत नाही आणि बचावाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. ज्याला फाशी द्या म्हणून चॅनेल ओरडतं, त्यालाच ही मदत!

डेस्कवाला: साहेब, ‘अटक’ रात्रीतून किती वेळा लिहायचं? कंटाळा येतो हो. शिवाय लोकांनाच तिखट हवं असतं.

किल्लाकोर्टकर: लोकांना दर वेळी शिक्षाच हवी असते असंही नाही. १९५९ चं नानावटी प्रकरण घ्या. नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून मारलं. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने कमांडरची बाजू उचलून धरली, अवघी मुंबई त्यांच्या मागे उभी राहिली. ज्यूरीने, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, ८ विरुद्ध १ अशा मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. त्या वेळचा शब्द ‘खुनी’ नव्हता, ‘अन्याय झालेला नवरा’ होता. बाकी, तपास चालू असतानाची मीडिया ट्रायल ही न्यायदानात ढवळाढवळ आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या याचिकांवर बजावलंच आहे.

गिरगावकर: मग ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्तता’ एकच का?

किल्लाकोर्टकर: कोर्टात आम्ही तरी फरक करतो. दोषमुक्त म्हणजे आरोप निश्चित करण्याइतकाही पुरावा नाही, खटला उभाच राहिला नाही. निर्दोष मुक्तता म्हणजे साक्षीपुरावे होऊन सुटका. पेपरात दोन्हीला ‘क्लीन चिट’! आणि जामीन यांपैकी काहीच नाही, तरी जामीन झाला की लोक पेढे वाटतात.