थंडीत लोणी निघेना, कोंबड्या अंडी देईनात, लाकूड नुसतं धुमसतंय

चांदोरीची सून:
नमस्कार मंडळी. शहरातला फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही सासऱ्यांच्या मळ्यात राहायला आलोय, चांदोरीच्या अलीकडे. घरात गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. आधी सासूबाईंचा हट्ट होता, आता माझाही आहे. एक म्हैस, दहा-बारा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा, जो अंधारातच बोंबलायला लागतो.

दिवाळी झाली आणि सगळंच अडलं. सायीचं दही घुसळून हात भरून येतात, वर नुसता फेस. कोंबड्या दाणे फस्त करतात, पण डालग्याखाली अंडं सापडलं तर नशीब. द्राक्षाच्या गोडी छाटणीत (फळांसाठीच्या छाटणीत) निघालेल्या काड्या भुर्रकन जळून जातात, एक भाकरी धड फुगत नाही. म्हणून बाभूळ आणली, तर तिच्या धुराने डोळे उघडत नाहीत. सासूबाई म्हणतात, निफाडची थंडी आहे, माघ सरू दे. तोवर मळ्यात राहून दुकानातलं लोणी आणू का?

सिन्नरची मावशी:
अगं, सासूबाईंचं अर्धं खरं आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ६-७ अंशांवर आला की पेपरात निफाडचं नाव येतं, तिथे लोणी कुठून सुटणार? गारठ्यात सायीतली चरबी कडक होते, तिचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. उन्हाळ्यात उलटं, मऊ होऊन ताकातच राहते. तेव्हा बर्फाचं पाणी, आता कोमट पाणी. डेऱ्यात बोट घाल. गार लागलं तर कोमट पाण्याचा हबका मार, थोडा थोडा. गरम ओतलंस तर लोणी तुपकट होऊन पांगतं.

पण मला वाटतं, तुझं दहीच नीट लागत नाहीये. आठवडाभराची साय फ्रीजमधून काढून लगेच विरजतेस ना? आधी ती चुलीपाशी ठेवून थंडपणा जाऊ दे, मग विरजण घाल. उन्हाळ्यापेक्षा जास्त घाल. भांडं गोधडीत गुंडाळून रात्रभर ठेव. आमच्या आजी धान्याच्या कणगीत पुरायच्या. आंबट वास आला की घुसळायला घे. फेस बसून रव्यासारखे कण दिसले की थांब, एक तांब्या गार पाणी ओत. कण घट्ट होतात, हाताने गोळा करता येतात. नंतर लोणी दोन-तीन पाण्यांत धू, नाहीतर ताक राहून वास येतो. म्हशीचं लोणी पांढरंच असतं, पिवळं होईना म्हणून घाबरू नकोस.

दिंडोरीचा पोल्ट्रीवाला:
कोंबड्यांचं थंडीपेक्षा उजेडाचं जास्त आहे. डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांच्या आत-बाहेर असतो, पूर्ण अंड्यावर राहायला कोंबडीला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. त्यात पिसं झडत असतील तर अंडी बंदच, सगळी ताकद पिसांत जाते. खुराड्यात मंद बल्ब पहाटे लावा, संध्याकाळी नको. रात्री बल्ब फट्‌कन विझला की अंधारात त्या दांडीवर चढू शकत नाहीत. रोज एकाच वेळी लावा. शिंपल्यांचा चुरा ठेवा, ओलं गवत-पाला द्या. खाताहेत भरपूर म्हणालात, म्हणजे आजारी वाटत नाहीत. मान वाकडी, हिरवी विष्ठा दिसली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग समजून पशुवैद्याला बोलवा. राणीखेतची लस दिलीय ना?

गिरणारेकर:
पोल्ट्रीवाले दादा, लेअरचा, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या फार्मच्या कोंबड्यांचा हिशेब गावरानला लावू नका. ती खुडूक बसते, पिलं काढते, वर्षाला ६०-७० अंडी दिली तरी खूप. बल्बाने तिचा फार फरक पडत नाही. आमच्याकडे संक्रांतीनंतर आपोआप सुरू होतात, तोवर आम्ही वाट बघतो. आणि मळ्यात शोधा बरं, अंडी कुठेतरी उसाच्या कडेला किंवा कडब्याच्या गंजीत घातलेली असतील! कोंबडी कॅकॅ करत कुठून येते ते एक सकाळ बसून बघा.

लाकडाचं: ओली बाभूळ या वर्षी सुकणार नाही. चैत्र-वैशाखात फोडून रचलेली दिवाळीनंतर वापरायची. दोन लाकडं एकमेकांवर आपटा, खणकन वाजली तर वाळली, थप्प आवाज आला तर ओली. टोकाला चिरा पडलेल्या दिसायला हव्यात. आता शेजारी कुणी जुनी बाग मोडत असेल तर वेलांचे बुंधे मागा. काड्यांनी पेटवा, बुंध्याने टिकवा. काड्यांना बांधलेली सुतळी, प्लॅस्टिक, तार आधी काढा.

चांदोरीची सून:
कडब्याच्या गंजीत खरंच नऊ अंडी निघाली, कॅकॅचं खरं ठरलं! सगळी पाण्यात टाकून पाहिली, दोन तरंगली, ती पुरली. लस पावसाळ्यात दिलीय. आता लोणी उद्या. पण मावशी, चुलीची राख मी कोंबड्यांना लोळायला टाकते, उवांसाठी. द्राक्षाच्या काड्यांची टाकावी का? त्यांच्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) वगैरे मारलेलं असतं.

सिन्नरची मावशी:
ती नको गं. मोरचुदातलं तांबं जळून जात नाही, राखेत राहतं, आणि कोंबड्या राखेत चोची मारतात. बाभळीची राख वेगळ्या डब्यात काढ, पूर्ण गार होऊ दे, थोडी मातीत मिसळून कोरड्या जागी टाक. ओली झाली की त्या लोळत नाहीत.