टेबलावर पुन्हा सोनोग्राफी कशाला? घ्या उत्तर

निमसर्जन
काल इथेच एका महाशयांनी ठोकून दिलं: "आधी सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, तरी फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठींच्या, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये परत सोनोग्राफी? निव्वळ बिल फुगवणं. ज्याला गाठ सापडत नाही त्याने सर्जन होऊ नये." प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

पोट उघडायचो तेव्हा गर्भाशय हातात असायचं. भिंतीत दडलेली गाठ दिसली नाही तरी बोटांना लागायची. दुर्बिणीत ती बोटंच गेली. लांब दांड्याच्या चिमट्याने चाचपून टाइप ४ ची, म्हणजे पूर्ण भिंतीतच बसलेली, गाठ शोधून दाखवा, मग बोलू. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे तपासायची दांडी, थेट गर्भाशयावर टेकतो. मध्ये ना चरबी, ना आतड्यातला गॅस. बाहेरून न दिसलेल्या सेंटिमीटरखालच्या गाठीही दिसतात, गर्भाशयाचं आतलं अस्तर गाठीपासून किती अंतरावर आहे ते कळतं. आणि रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे विजेच्या लहरींच्या उष्णतेने, गाठ जाळायची तर प्रोबशिवाय सुई घालणार कुठे? अमेरिकेत २०१२ साली त्या यंत्राला मंजुरी मिळाली तीच सोनोग्राफीच्या जोडीने.

थेट_बोल
ते महाशय मीच. रेडिओफ्रीक्वेन्सीचं सोडा, तिथे दुसरा इलाजच नाही. पण मायोमेक्टमीत, म्हणजे गाठ कापून काढताना? दिसली की काढायची? दर चिऱ्याला एक व्रण, पुढच्या बाळंतपणात तोच नडतो. कुणाला त्रास न देणाऱ्या बारक्या गाठी कशाला उकरता? शिवाय पहिली गाठ निघाली की खळग्यात हवा शिरते आणि पडद्यावर धुकं. हे सोयीस्करपणे गाळलंत.

निमसर्जन
म्हणूनच चिऱ्याआधी बघायचं असतं. आणि दिसलेली प्रत्येक गाठ काढा असं मी कुठे लिहिलंय?

साळुंकी
दुर्बिणीने सगळ्या गाठी काढल्या म्हणाले. पुढच्याच वर्षी तोच रक्तस्राव, तेच हिमोग्लोबिन. नवी उगवली की जुनीच राहिली, कोणी सांगेना. दुसऱ्या वेळी टेबलावर प्रोब लावला आणि अस्तराला खेटून बसलेली सापडली. वाढीव बिल मी आनंदाने भरलं.

थेट_बोल
ताई, सहानुभूती आहे, पण एका केसवरून काही सिद्ध होत नाही.

साळुंकी
बरोबर. रक्त माझं गेलं, सिद्धता तुमची.

काळा_चष्मा
शोधता कशी यावर एवढं रामायण, बाहेर काढता कशी ते कोण सांगणार? मॉर्सेलेटर नावाच्या यंत्राने पोटातच तुकडे करून! २०१४ मध्ये अमेरिकेची औषध-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था एफडीएने इशारा दिला: फायब्रॉइड समजून केलेल्या ऑपरेशनांत अंदाजे ३५० मागे एकीला लपलेला सारकोमा, म्हणजे गर्भाशयाचा कॅन्सर.

निमसर्जन
तो अंदाज फुगवलेला आहे यावर भरपूर भांडणं झालीत. आणि आता गाठ बंद पिशवीत घालून मगच तुकडे करा असंच सांगतात.

काळा_चष्मा
पिशवी फाटली तर? तुमचा लाडका प्रोब सारकोमा ओळखतो?

निमसर्जन
खात्रीने नाही. एमआरआयही नाही. पण हा धाग्याचा विषय नव्हे.

काळा_चष्मा
पोटभर कॅन्सर विखुरला तरी विषय नव्हे? वा!

निमसर्जन
आकडे फेकून बायकांना घाबरवू नका. त्या भीतीपायी कित्येकींनी विनाकारण पोट उघडून घेतलं असेल.

काळा_चष्मा
"असेल"? पुरावा फक्त मीच द्यायचा का?

थेट_बोल
तुमचं चालू द्या. खोल गाठी असतील, संख्या जास्त असेल, तर लावा बुवा प्रोब, दिली परवानगी. पण बाहेर लोंबणारी एकुलती एक गाठ, आंधळ्यालाही दिसेल अशी, तिथे लावलात तर मी बिल फुगवणंच म्हणणार.

निमसर्जन
तिथे मीही लावत नाही. हे आधी विचारलं असतंत तर माझी संध्याकाळ वाचली असती.

काळा_चष्मा
पिशवीचं उत्तर राहिलंय.