वर्गाचा ब्लॉग इतर देशांतल्या वर्गांशी जोडताना प्रतिक्रिया 'छान लिहिलंय'च्या पुढे कशा न्यायच्या?

फळा_खडू
नमस्कार. सातवीचा वर्ग, ३२ मुलं. वर्डप्रेसवर ब्लॉग तयार आहे आणि वेगवेगळ्या देशांतले तीन वर्ग सोबत यायला तयार आहेत. प्रतिक्रिया येतात, पण सगळ्या 'छान', 'आवडलं' अशा, आणि दोन आठवड्यांत त्याही आटतात. वेळापत्रक कसं आखावं? मुलांना प्रतिक्रिया लिहायला कसं शिकवावं? सुरक्षिततेसाठी सेटिंगमध्ये नेमकं काय बदलायचं?

चौकट
तीन ते आणि एक तुम्ही, म्हणजे चार. क्वाडब्लॉगिंगला एवढेच वर्ग लागतात. एका आठवड्याला एकच वर्ग यजमान. बाकीचे तिघं त्या आठवड्यात फक्त त्याच्याच ब्लॉगवर जाऊन वाचतात आणि लिहितात. चार आठवड्यांत फेरी पूर्ण. चौघंही एकदम लेख टाकायला लागले की वाचायला कोणी उरत नाही. तुमच्या प्रतिक्रिया आटण्याचं कारण बहुधा हेच आहे.

यजमान आठवड्यात ३२ लेख टाकू नका. गटांनी लिहिलेले पाच-सहा पुरेत, प्रत्येकी १५० ते २०० शब्दांचे. लेखाच्या शेवटी असा प्रश्न हवा, ज्याचं उत्तर लिहिणाऱ्या गटालाही माहीत नाही. 'तुम्हाला काय वाटतं?' हा तसा प्रश्न नव्हे. आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला त्या गटाने दोन दिवसांत उत्तर द्यायचं आणि त्यासाठी तासिका राखून ठेवायची. उत्तर न मिळालेलं मूल दुसऱ्यांदा लिहीत नाही.

ओळंबा
प्रतिक्रियेचं एक उदाहरण देते. समजा लेख आहे २१ मार्चच्या सुमारास मध्यान्हीला मोजलेल्या सावलीचा, १ मीटर उंचीची काठी उभी करून. ३० अक्षांशावर ही सावली साधारण ५८ सेंमी पडते, ४५ वर १०० सेंमी. आता या दोन प्रतिक्रिया पाहा.

'प्रयोग खूप छान!'

'तुमची सावली ५८ सेंमी, आमची १००. तुम्ही घड्याळात १२ वाजता मोजलीत की ती सर्वांत आखूड झाली तेव्हा? आमच्याकडे १२ वाजून २० मिनिटांनी सर्वांत आखूड झाली.'

पहिलीला आभारापलीकडे काय उत्तर देणार? दुसरी वाचून यजमान गट वही उघडतो आणि मोजमाप तपासतो. तिच्यात लेखातला एक नेमका तपशील आहे, स्वतःकडचा एक आहे आणि उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. पहिले दोन आठवडे प्रतिक्रिया आधी वहीत लिहून घ्या, शेजारच्या मुलाने हे तिन्ही शोधून अधोरेखित करायचे, मगच ती टाईप करायची.

असा विषय घेणार असाल तर काठी ओळंब्याने सरळ करा आणि सावली दर पाच मिनिटांनी खुणा करत मोजा. घड्याळातले १२ आणि सूर्याची मध्यान्ह क्वचितच जुळतात, सगळा घोटाळा तिथेच होतो. दक्षिण गोलार्धातल्या वर्गाची सावली त्या दिवशी दक्षिणेला पडेल. मुलांना वाटतं त्यांचं चुकलं. लगेच सांगून टाकू नका, त्यावरच सर्वांत चांगल्या प्रतिक्रिया येतात.

कडी_कुलूप
'सेटिंग्ज'मधलं 'डिस्कशन' पान उघडा. प्रत्येक प्रतिक्रिया हाताने मंजूर करण्याचा पर्याय सुरू ठेवा. नाव आणि ईमेल सक्तीचा असलेला पर्याय काढून टाका, नाहीतर पाहुणी मुलं खोटे ईमेल भरतात किंवा लिहायचंच सोडून देतात. मंजुरीचे अधिकार किमान दोन शिक्षकांकडे हवेत. एकटे असाल आणि रजेवर गेलात तर प्रतिक्रिया अडकून पडतात.

मुलांना 'कॉन्ट्रिब्युटर' भूमिका द्या. लेख लिहिता येतो, प्रकाशित करता येत नाही. मात्र या भूमिकेत फोटो चढवता येत नाहीत आणि लेख प्रकाशित झाल्यावर त्यात दुरुस्तीही करता येत नाही. ती दोन्ही कामं शिक्षकाने करायची. फोटो चढत नाहीत म्हणून 'ऑथर' करू नका, मग लेख न तपासताच बाहेर जातो.

मुलांची टोपणनावं वापरा. फोटोत हात, वही, काठी चालेल. चेहरा आणि गणवेशावरचं बोधचिन्ह नको. कॅमेऱ्यातलं लोकेशन आधी बंद करा, फोटोच्या फाईलमध्ये ठिकाण साठवलेलं असतं. वर सावलीचा प्रयोग आलाय म्हणून सांगतो: अक्षांश-रेखांश पूर्ण अंशातच लिहा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. दशांशानंतर चार आकडे लिहिलेत की थेट शाळेची इमारत सापडते.

पालकांची लेखी संमती चौघांनीही घ्यावी. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करायला ती लागते. युरोपीय संघात ही वयोमर्यादा १६ आहे, सदस्य देश ती १३ पर्यंत खाली आणू शकतात. चार देशांतला सर्वांत कडक नियम सगळ्यांनी पाळला की पुढे वाद होत नाहीत.

फळा_खडू
मनापासून आभार. कॉन्ट्रिब्युटरचं आता कळलं, फोटो का चढत नव्हते ते. एक राहिलंच: चारही वर्गांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आहेत. आणि भाषेचं काय?

चौकट
फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर हा काळ बघा. ऑस्ट्रेलियात वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं, युरोप-अमेरिकेत ते जूनच्या आसपास संपतं, त्यामुळे या काळात दोन्हीकडे शाळा भरलेली असते, आणि २१ मार्चही यातच येतो. जपानचा वर्ग असेल तर अडचण आहे. तिथलं वर्ष मार्चमध्ये संपतं. मधल्या छोट्या सुट्ट्या चौघांनी आधीच एका तक्त्यात मांडा.

आठवडा 'सोमवारी' सुरू होतो म्हणताना कुठला सोमवार तेही ठरवा. न्यूझीलंडमध्ये सोमवार सकाळ असते तेव्हा अमेरिकेत अजून रविवारच असतो. यजमानाने लेख शुक्रवारीच वेळ लावून ठेवले की कोणाला रिकामं पान दिसत नाही.

ओळंबा
भाषेसाठी: मुलांनी आपल्या भाषेत लिहावं, खाली इंग्रजी द्यावं. वाक्यं १०-१२ शब्दांची आणि म्हणी-वाक्प्रचारांशिवाय, कारण यंत्रभाषांतर तिथेच घसरतं. इंग्रजी मजकूर पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहिला की कुठलं वाक्य बिघडलंय ते मुलांना स्वतःच दिसतं.